तोंड धुवायच्या आधी वाचायचं

मंगळवारी साडेनऊला ज्येष्ठांच्या केंद्राची गाडी यायची आणि यासुहारूंना घेऊन जायची. मग चार वाजेपर्यंत घर ताझुकोचं. तेवढ्या वेळात ती कपडे धुवायची, आणि खरं सांगायचं तर नवऱ्यावर मनसोक्त चिडून घ्यायची. तोंडावर चिडण्यात अर्थ नव्हता. ज्याला सकाळचं दुपारी आठवत नाही, त्याच्याशी भांडणार तरी काय?

राग त्यांच्या विसरण्याच्या आजाराचा नव्हता. राग होता तो मिफुयुवरून. त्यांची एकुलती एक लेक चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत रक्ताच्या कर्करोगानं गेली. पुढे यासुहारूंचं डोकं दगा द्यायला लागलं, तसे ते रोज विचारायचे, "अगं, मिफुयुचा फोन नाही आला?" ताझुको खरं ते सांगायची, आणि ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे कोसळायचे. पितरांच्या देव्हाऱ्यातला पोरीचा फोटो दिसला तरी तेच. शेवटी धाकटी बहीण नोबुए ओसाकाहून फोनवर ओरडली, "ताई, तो फोटो आधी आत ठेव! विसरतायत तर विसरू दे ना सुखानं. रोज उठून पोरीचं मरण कशाला सांगत बसतेस?"

ताझुकोनं फोटो कपाटात जाड रजयांखाली ठेवला. महिन्याभरात यासुहारूंनी विचारणंच बंद केलं.

सुटले बिचारे, असं तिला आधी वाटलं. मग हळूहळू वाटायला लागलं, की हे बरे सुटले! पोर दोघांची आणि रडायचं मात्र हिनं एकटीनं. सकाळी चहात शिजवलेली पेज भुरकत "आज मस्त झालीये हं" म्हणणाऱ्या त्या माणसाकडे बघून कधी कधी तिला पातेलं आपटावंसं वाटायचं.

तर त्या मंगळवारी मशीनमध्ये टाकताना त्यांचा रात्रीचा सदरा जड लागला. तिनं खिशात हात घातला, तर आत एक छोटा संगणक. तळहाताएवढा, चष्म्याच्या घरासारखा मिटणारा, आत खऱ्याखुऱ्या बटणांचा कीबोर्ड. तिनं तो लगेच ओळखला. यामातोकोरियामा गावातल्या कंपनीत असल्याच यंत्रांच्या बटणांवर यासुहारूंनी सोळा वर्षं घालवली होती. बटण किती दबावं, बोटाला परत किती ढकलावं, यावर जेवताना भाषणं व्हायची.

"यात लिनक्स आहे, कळलं? अख्खा संगणक आहे हा. खेळणं नव्हे."

"हो का? मग भांडी घासतो का?" ती म्हणायची, आणि मिफुयुला ठसका लागायचा.

घर बदललं तेव्हा हे खूळ भंगारात गेलं, अशी तिची समजूत होती. म्हणजे रोज सकाळी अर्धा अर्धा तास संडासात बसून हे चालतं तर! पत्ते खेळत असणार, दुसरं काय. तिनं झाकण उघडलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आपोआप आली.

"रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी वाच.
१. तू यासुहारू. तुला विसरण्याचा आजार आहे. घाबरू नकोस.
२. स्वयंपाकघरात आहे ती ताझुको. तुझी बायको.
३. मिफुयु गेली. चार वर्षं झाली. आजारानं. तू तिच्याजवळ होतास.
४. हे ताझुकोला विचारू नकोस. विचारलंस की ती न्हाणीघरात नळ सोडून रडते.
५. रडायचं तर इथेच रड. आवाज नको. मग तोंड धू.
६. पेज चांगली झाली म्हण."

ताझुको मशीनशेजारी खालीच बसली. सहा ओळी तिनं पुन्हा वाचल्या, मग पुन्हा. आपण ज्याला सुटला म्हणत होतो तो माणूस रोज सकाळी, भिंतीपलीकडे, आपली पोर नव्यानं गमावत होता. आणि तोंड धुऊन पेजेचं कौतुक करत होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की कानशिलं तापली.

पुसून टाकायचं, तिनं ठरवलं. तीन, चार, पाच. उद्यापासून माणूस मोकळा. फोनचं विचारलंच तर सांगू, येईल संध्याकाळी. महापालिकेत वीस वर्षं तिनं लोकांचे दाखले टाइप केले होते, खोडायचं बटण तिला कुणी दाखवायला नको होतं. पण आणखी खाली काय आहे ते बघावं म्हणून तिनं बाणाचं बटण दाबलं.

खाली नुसत्या तारखा होत्या. वाचलं. वाचलं. वाचलं. तीनशेच्या वर. मध्येच कुठे, "वाचलं. आज वेळ लागला. ताझुकोनं दार वाजवलं." आणि परवाच्या तारखेला, "वाचलं. पोरीचा चेहरा डोळ्यांपुढे येत नाही. फोटो असेल कुठेतरी. विचारायचं नाही."

तिचं बोट खोडायच्या बटणावरच राहिलं. हे पुसलं तर पोर पुसली जाईल, आणि ज्याला तिला धरून ठेवायचंय त्याच्याच हातातून.

मग तिनं चौथी आणि पाचवी ओळ तेवढी काढली. त्या इवल्याशा बटणांवर अंगठ्यांनी एकेक अक्षर शोधत तिनं तिथे लिहिलं, "ताझुकोला विचार. तिलाही बोलायचं असतं." सगळ्यात शेवटी यासुहारूंनी स्वतःसाठीच लिहून ठेवलं होतं, की निळं बटण धरून कोपऱ्यातलं दाबायचं, नाहीतर लिहिलेलं राहत नाही. तिनं तसं केलं. रात्री घालायच्या धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात संगणक ठेवून दिला.

सकाळी ते संडासात गेल्यावर तिनं रजयांखालचा फोटो काढून मांडीवर घेतला. आतून काही ऐकू येत नव्हतं. किती सराव झाला असेल ह्यांना, असं बिनआवाज रडायचा!

दार उघडलं. यासुहारू तोंड न धुताच बाहेर आले.

"अगं," ते म्हणाले, "मिफुयु..."

"हो."

"मी जवळ होतो ना?"

"तुम्ही हात धरला होता. ती म्हणाली, बाबा, तुमचा हात गार आहे. मग तुम्ही तो काखेत धरून गरम केलात आणि परत दिलात."

"कशी दिसायची गं ती?"

तिनं फोटो पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि मोठ्यानं रडले, आणि तीही रडली, नळ न सोडता. गॅसवरची पेज करपली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तसेच बाहेर आले. "अगं, मिफुयु..."

ताझुकोनं गॅस बंद केला, त्यांच्यासमोर बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.