खाल्लेलं प्यादं

डब्यात एक पांढरं प्यादं कमी निघालं. विद्यापीठाच्या त्या डब्यातून दरवर्षी काहीतरी पळतंच! पंच होते तोलोगोन आगाय, म्हणजे तोलोगोन सर. त्यांनी खिसे चाचपले, खडूचा तुकडा शोधला, तोही मिळेना. शेवटी पांढऱ्यांनी खेळणाऱ्या बुरुलकाननं पिशवीतून एक कुरुत काढला आणि ठेवला प्याद्याच्या घरात. मीठ घालून वाळवलेल्या दह्याचा तो टणक गोळा आईनं उन्हाळी कुरणावरून पाठवला होता.

त्याच आईनं बजावलंही होतं, "या वेळी हरलीस तर पट चुलीत. बास झालं लाकडं सरकवणं!" जिंकली तर मात्र अल्माटीची मोठी स्पर्धा. आपल्या नारीनच्या डोंगरांपलीकडे पोरगी कधी गेलीच नव्हती.

आणि समोर कोण, तर ओश शहरातला तगडा खेळाडू सागिन! दोन तासांत त्यानं तिचा एक उंट आणि एक घोडा गट्ट केला. बुरुलकानचं अवसानच गळालं. पेटली आता चूल, तिनं मनात म्हटलं.

इतक्यात सागिनचं पोट गुरगुरलं. गाडी उशिरा पोचल्यामुळे बिचारा जेवलाच नव्हता. त्याची नजर पटावर होती खरी, पण सारखी एकाच घरावर.

बुरुलकाननं मुद्दाम काही केलं नाही हो. बरं, थोडंसं केलं. दुसरा कुरुत तोंडात टाकून ती मजेत चघळत बसली.

"आवाज नको ना करूस," सागिन पुटपुटला.

"काय करू? आईच्या हातचा आहे. घाईनं संपवायला जीव होत नाही."

सागिनच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याचा वजीर इतका वेळ मागची ओळ राखून होता. तो तिथून निघाला, त्यानं प्यादं मारलं, आणि मारलेलं प्यादं थेट सागिनच्या तोंडात!

बुरुलकाननं हत्ती शेवटच्या ओळीत नेला. शह. आणि मात.

"थांबा, आगाय! मी चाल परत घेतो!" सागिन गालात गोळा धरून ओरडला.

"चाल परत मिळत नसते," आगाय म्हणाले. "आणि मिळाली असती, तरी आधी प्यादं जागेवर ठेवावं लागलं असतं."

सागिननं क्षणभर विचार केला आणि कुरुत कडकन फोडला.

बुरुलकाननं बाहेर धावत जाऊन फोन लावला. "आई, जिंकले! तुझा कुरुत खाण्याच्या नादात हरला गं तो!"

आईनं पहिला प्रश्न विचारला,

"मीठ बरोबर पडलं होतं का?"

"दुसरा मागतोय."

"मग दे त्याला, उपाशी ठेवू नकोस. तुझ्यासाठी मी पोतं भरते. अल्माटीला किती जण येणारेत खेळायला?"