पत्र्याला पडलेली मतं

किल्लारीतलं किराणा दुकान बंद करून नागप्पानं लातुरात मुलींचं वसतिगृह काढायचं ठरवलं, यात कुणाला वावगं वाटलं नाही. त्या वर्षांत लातुरात जो तो क्लास, मेस नाहीतर वसतिगृहच काढत होता. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरीबाळींची रीघ लागली होती. पण नागप्पाचा हट्ट निराळा होता. त्याला वसतिगृह बैठं हवं होतं, वर पत्रा हवा होता.

कारण गावाला ठाऊक होतं. भूकंपात घराचं मातीचं जड माळवद कोसळून त्याखाली त्याची पाच वर्षांची लेक महादेवी गेली. दगडमाती उपसता उपसता त्याची नखं निघाली, तरी वेळेत हात पोचला नाही. पुढं सगळं गाव पत्र्याच्या शेडांत राहिलं आणि तिथंच त्याचा पहिल्यांदा डोळा लागला. तेव्हापासून पत्र्याखालीच माणूस सुखरूप, हे त्याच्या मनात पक्कं बसलं.

धाकटी स्वप्नाली भूकंपानंतरची. लातुरातल्या एका दुकानाच्या ऑनलाइन जाहिराती ती सांभाळायची. ती म्हणाली, "अप्पा, बांधायच्या आधी लोकांना विचारू. खर्च काही न्हाई, मोबाइलवर सगळं होतंय."

आणि तिनं ते मन लावून केलं. दुसऱ्या वसतिगृहांबद्दल लोकांनी नेटवर लिहिलेल्या तक्रारी वाचून काढल्या. चाकूर, बिलोलीकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत ओळखी काढून शिरली, प्रश्न टाकले. उत्तरं सरळ आली. खोलीत उकाडा नको, वायफाय हवं, क्लास जवळ हवा. पत्रा कुणीच मागितला नाही.

"ह्यांनी काय बघितलंय?" नागप्पा म्हणाला. "आपल्या माणसांना विचारू."

आपली माणसं म्हणजे 'जुनं गाव' हा ग्रुप. भूकंपातून वाचलेली त्याच्या वयाची माणसं त्यात होती. नागप्पानं नाकावर चष्मा चढवून स्वतःच्या हातानं तिथं मतदान टाकलं. 'तुमच्या मुलीला कशाखाली झोपवाल? स्लॅब की पत्रा?'

स्वप्नालीनं कपाळावर हात मारला. "अप्पा, यंदा कुणाची पोरगी लातूरला येणार हाय, ते विचारा की आधी. गिऱ्हाईक कोण ते तर कळू द्या!"

"गावच्या माणसाला असं तोंडावर विचारतेत व्हय? आपली हायती ती."

दिवस मावळायच्या आत सगळी मतं पत्र्याला पडली. एरवी जत्रेच्या वर्गणीवरूनही भांडणारा तो ग्रुप! कधी कशाला उत्तर न देणाऱ्या बसलिंगप्पा अण्णांनीसुद्धा पत्र्यावर बोट दाबलं होतं. नागप्पाला भरून आलं. लेकीचं न ऐकता त्यानं सगळं गाठोडं त्या बांधकामात ओतलं. दारांच्या कड्या त्यानं इतक्या खाली बसवून घेतल्या की सुतार हसला. "मालक, पोरींनी काय वाकून दार उघडायचं?" नागप्पा म्हणाला, "राहू दे तशीच." का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

जूनमध्ये पालक आले. बिलोलीच्या एका बापानं वर बघितलं, घाम पुसला आणि म्हणाला, "पोरगी भाजून निघंल की हो." बाकीचे उंबऱ्यावरूनच माघारी वळले. क्लास सुरू झाले तरी खाटांवरच्या गाद्यांचं प्लास्टिक निघालं नाही. स्वप्नाली एका शब्दानं टोचून बोलली नाही. त्याचंच नागप्पाला जास्त लागलं.

शेवटी त्यानं बसलिंगप्पांना फोन लावला आणि नको ते बोलून बसला. "अण्णा, बोट दाबायला सगळे पुढं. पोरी धाडायला एकजण न्हाई. म्हातारपणी मला बुडवलंत तुम्ही!"

बसलिंगप्पांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी काठी टेकत ते जीपनं लातूरला आले. वसतिगृहात शिरले, पहिल्याच खोलीतल्या खाटेवर बसले आणि कितीतरी वेळ वर बघत राहिले.

"नागप्पा, तुमच्या मुलीला कशाखाली झोपवाल, असं तू विचारलास. एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच न्हाई रे. मी म्हनलं, माझ्या शिवगंगेला पत्र्याखाली. समद्यांनी तसंच दाबलं असंल." त्यांनी काठी खाटेला टेकवली. "लातूरला धाडायला आपल्यात आता कुणाकडं पोरगी हाय?"

नागप्पाचा राग कुठल्या कुठं गेला. हे आपल्याला कसं कळलं नाही, याची त्याला लाज वाटली. तो भिंतीला टेकून खाली बसला. भूकंपानंतर एकाच दिवशी दोघांनी आपापल्या पोरींना माती दिली होती, आणि त्यानंतर दोघांनी एकमेकांजवळ त्यांचं नावही काढलं नव्हतं.

निघताना बसलिंगप्पा दाराशी थांबले. कडीसाठी त्यांचा हात नेहमीच्या जागी गेला, तिथं काहीच नव्हतं. मग वाकून पाहत ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या पोरींना कडी इतकी खाली का रे बसवलीस?"

नागप्पानं त्या कडीवर हात ठेवला.

"महादेवीचा हात तिथवरच पोचायचा, अण्णा."