ठोकलेला माल

आमच्या कारखान्यात ते मशीन उतरलं, तेव्हा लेथवर लोखंड फिरवून कापणारे सगळे टर्नर चहाचे कप घेऊन तमाशा बघायला जमावं तसे जमले आणि पोट धरून हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसले माझे बाबा. ते तिथले हेड टर्नर. लेथच्या आवाजाखेरीज जगातला दुसरा कुठलाच आवाज त्यांना कामाचा वाटायचा नाही.

"हे काय आणलंत मालक? मसाला कुटायला?"

"चेष्टा करू नका," मालक म्हणाले. "एका बाजूनं तार घालायची, दुसऱ्या बाजूनं डोक्यासकट पिना पडतात. तापवायचं नाही, कापायचं नाही, कीस पडत नाही."

"म्हणजे थंड लोखंड बडवून आकार द्यायचा? मार खाऊन पोर सुधारत नाही, लोखंड काय सुधारणार!"

आम्ही चाकांच्या खुर्च्यांसाठी पिना बनवायचो. त्यासाठी लेथवर जाड गज कापून कापून त्याचा निम्मा कीस व्हायचा, आणि त्या किसाच्या ढिगाकडे हे सगळे अभिमानानं बघायचे. वाया घालवणं हीच जणू कला. नव्या मशीनवर उभं राहायला अर्थातच कुणी तयार होईना. "ज्याला डोकं नाही त्याचं ते काम," असं ठरलं. मी कोपऱ्यात बसून याच डोकेवाल्यांच्या पिना मापाच्या गेजमध्ये घालून तपासायचे. त्यातल्या किती रोज भंगारात जायच्या, ते मलाच ठाऊक.

"मी राहते उभी," मी म्हटलं.

घरी बाबा माझ्याशी बोलले नाहीत. आईला म्हणाले, "तुझ्या लेकीला सांग, चारचौघांत नाक कापलं तिनं माझं."

आई बटण शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "मग नाक लेथवर लावून घ्या, सरळ होईल."

मशीन शिकायला फार अक्कल लागली नाही, पण धीर लागला. त्याचा सगळा जीव डायमध्ये. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा आणि त्यात नेमक्या मापाचं भोक. तारेचा तुकडा त्या भोकात शिरतो, समोरून पंच नावाचा पोलादी दांडा आदळतो आणि बाहेर उरलेल्या टोकाचं डोकं होतं. भोकाचं माप तेच पिनेचं माप. भोक चुकलं की हजारो पिना चुकतात, आणि सगळ्या अगदी एकसारख्या चुकतात.

आमची चुकलेलीच होती. मशीनबरोबर आलेली डाय झिजलेली निघाली. मालकांनी बाहेरून दुसरी करून आणली, ती पहिलीपेक्षा वाईट. खुर्चीवाल्या गिऱ्हाइकानं खोकेच्या खोके परत पाठवले. टर्नर मंडळींना आनंद मावेना. एक जण रोज येता-जाता विचारायचा, "काय ताई, आज काय जन्माला घातलं मशीननं?"

तुम्हीच डाय करून द्या म्हणून मालकांनी बाबांच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. बाबांचं उत्तर एकच. "गाढवाला जोडे मी शिवत नाही."

मी विनवणी केली नाही. या माणसाला विनवणी म्हणजे खुराक. मी बाहेरून आणलेली ती डाय त्यांच्या लेथवर नेऊन ठेवली आणि म्हटलं, "हे लेथवर केलंय, बाबा. तुमच्यातल्याच कुणीतरी."

त्यांनी ती उजेडात धरली, भोकातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे कोरलंय कशानं? दातानं?"

"टर्नर आहे म्हणे तो. नावाजलेला."

बाबांना माझ्या मशीनची घृणा होती खरी, पण वाईट टर्नरची त्याहून जास्त. त्यांनी पोलाद मागवलं, भोक पाडलं, पाणी देऊन डाय कडक केली आणि आतून आरशासारखी होईपर्यंत घासत बसले. शेवटी फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर आदळली. "घे. तुझ्या गाढवासाठी नाही केली. त्या दुसऱ्या गाढवाला दाखवायला केली."

पिना मापात पडू लागल्या. गिऱ्हाईक स्वतः आलं. त्यानं लेथवरची एक पिन आणि माझी एक, अशा दोन्ही पाळीपाळीनं शिकंज्यात धरून हातोड्यानं हाणल्या. लेथवरची मानेपाशी तटकन तुटली. माझी वाकली.

"वाकली!" बाबा विजयानं ओरडले. "वाकते ती काय वस्तू!"

"वाकली की खुर्ची कुरकुरते, आजारी माणसाला कळतं," गिऱ्हाईक म्हणालं. "तुटली की तो जमिनीवरच येतो. तुम्ही कापता तेव्हा लोखंडाचे धागेही कापले जातात. ठोकल्यावर ते वळून डोक्यात जातात."

बाबा म्हणाले, "माणसानं जपून बसावं."

लेथवरच्या पिना बंद झाल्या. हसणारे दोघे-तिघे हळूच माझ्याकडे आले. "ताई, आम्हालाही शिकवा की."

"तुम्हाला डोकं आहे ना? मग जमायचं नाही," मी म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात शिकवलं, पण तोवरचा आठवडा मी मनसोक्त उपभोगला.

बाबा आता फक्त डाय करायचे. कुणी माझ्या मशीनचं कौतुक केलं की म्हणायचे, "त्याला काय कळतंय? एकदा मी करतो, मग ते जन्मभर नक्कल करतं. माकड आहे ते." मशीनला आता वेगळी खोली मिळाली होती, तिचा उंबरा मात्र त्यांनी ओलांडला नाही.

एका दुपारी मी घाईत पंच नीट मध्यावर न लावताच मशीन चालू केलं. कडाड आवाज आला. डायचे दोन तुकडे झाले. आवाजासरशी बाबा आत आले.

"डोळे कुठं होते? गहाण टाकले होते? दगडाच्या हातात देतोय मी हे पोलाद? पंच केवढा सरकलाय, आंधळ्यालाही दिसेल!"

बाहेर लेथ थांबले. सगळ्यांना वाटलं, आता ही रडणार. त्यांना काय कळणार! मी तपासणीला होते तेव्हा माझी चूक झाली, तर बाबा मालकांना हसून सांगायचे, "पोरगी आहे, चालायचंच." ते ऐकून मी कितीदा घरी जाऊन उशीत तोंड खुपसलं होतं. असं फाडून ते फक्त टर्नरना बोलायचे.

"माझं थोबाड काय बघतेस? पंच बघ!"

मी पाना घेतला. बाबांनी खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. आत दुसरी डाय होती.

"मोडणार हे ठाऊक होतं मला," ते म्हणाले. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. "तूच लाव."

मी डाय बसवली, चाक हातानं फिरवत पंच पुढे आणला, पुन्हा मागे नेला, पुन्हा आणला. मग मशीन सुरू केलं. पहिली पिन पडली. बाबांनी ती उचलून मायक्रोमीटरमध्ये धरली, नाक मुरडलं आणि चांगल्या मालाच्या डब्यात टाकली.

"पुढची," ते म्हणाले.