खरखर माझी नव्हती

मित्रांनो, मी जुना आहे हे मला कबूल आहे. बिघडलेला मात्र मी कधीच नव्हतो. एवढं एकच वाक्य मला वर्षभर सांगायचं होतं. ज्या घरात मी राहतो तिथला सगळा आवाज माझ्यातून जातो, पण मला स्वतःला तोंड नाही, आणि यासारखी चीड आणणारी गोष्ट दुसरी नाही.

मी एक साउंड कार्ड आहे. तुमच्यातल्या लहानांसाठी सांगतो. कॉम्प्युटरच्या डब्यात एक हिरवी पट्टी खोचलेली असते, तळहातापेक्षा थोडी लांब. तिची भोकं डब्याच्या मागच्या पत्र्यातून बाहेर डोकावतात. एका भोकात स्पीकरची पिन जाते, दुसऱ्यात माइकची. कॉम्प्युटरला जे गायचं, बोलायचं, ओरडायचं असतं ते तो मला सांगतो आणि मी ते स्पीकरला पोचवतो. भोकं मागे असल्यामुळे मला जग पाठीमागून दिसतं. बहुतेक वेळा भिंतच दिसते. माणसं मी आवाजावरून ओळखतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी मुंबईच्या बाजारात आलो आणि तिथून कुणाच्या तरी टॉवेलात गुंडाळून एसटीनं धुळ्याला. धुळ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये माझी नोकरी सुरू झाली. त्याआधी तिथला कॉम्प्युटर फक्त टुक टुक करायचा. मी बसलो आणि त्यातून पहिल्यांदा तबला वाजला, तेव्हा शेजारच्या पिठाच्या गिरणीतली माणसं पिठाच्या हातांनी ऐकायला आली. काय कौतुक झालं माझं! ते दिवस फार टिकले नाहीत. क्लासनं नवी मशीनं घेतली आणि आमचा डबा भडगावच्या पितांबरभाऊंना विकून टाकला.

पितांबरभाऊ केळीच्या गाड्या भरून पाठवायचे. कोणती गाडी कुठे गेली ते लिहून ठेवायला त्यांना कॉम्प्युटर हवा होता. पण ते स्वतः सदा बाहेर, त्यामुळे डब्याचा ताबा घेतला घरातल्या तिघांनी. धाकटा भाऊ सुकदेव जळगावला कॉलेज करून आलेला. त्याला गेम खेळायचे होते. वडील तोतारामआबा; त्यांना सीडीवरचे पिक्चर बघायचे होते. आणि पितांबरभाऊंची बायको कुंदा. ती धुळ्याची, माझ्याच गावची म्हणा ना. लग्नाआधी तिथल्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आणि गणपतीच्या कार्यक्रमांत सूत्रसंचालन करायची. लग्नानंतर तिचा आवाज स्वयंपाकघराच्या बाहेर फारसा गेला नव्हता.

त्या वर्षी जळगावच्या रेडिओवर सांगितलं, की निवेदनासाठी नवे आवाज हवेत, दिवाळीच्या आत आपला आवाज कॅसेटवर भरून पाठवा. कुंदानं ते चपात्या लाटताना ऐकलं. त्याच संध्याकाळी ती सुकदेवला म्हणाली, "भाऊ, या डब्यात माझा आवाज भरता येईल का?"

"वहिनी, सहज येईल. दसऱ्याला नवे स्पीकर आणतो, मग तुमचा आवाज ऐका नुसता."

आणि इथूनच माझ्या मागे शुक्लकाष्ठ लागलं.

दसऱ्याला स्पीकर आले. काळेभोर, कोरे. आता आमच्या घरात दसऱ्याला अवजारांची पूजा जोरात असते. अंगणात ट्रॅक्टर, ओसरीवर वजनकाटा, कोयते, विळे, पाने-पक्कड. त्या वर्षी सुकदेवनं सगळ्या वायरी काढून आमचा डबाही पाटावर आणून ठेवला. सासूबाई झुंबरबाई ओलं हळदकुंकू घेऊन निघाल्या. त्यांची एक रीत होती. कुंकू लावायचं ते अवजाराच्या कामाच्या टोकाला. कोयत्याच्या पात्याला, विळ्याच्या चोचीला, नांगराच्या फाळाला. नव्या स्पीकरपाशी येऊन त्या थांबल्या. गोल गरगरीत खोकं, त्याला टोक कुठलं? मग त्यांना वायरीच्या शेवटी चकचकीत पिन दिसली.

"कुकू टोकले लावतस," त्या म्हणाल्या. "यानं टोक हाई शे." याचं टोक हेच, असं ठरवून बोटभर कुंकू त्यांनी पिनवर प्रेमानं फासलं.

संध्याकाळी सुकदेवनं ती पिन तशीच माझ्यात खोचली. ओलं, चरचरीत काहीतरी आत शिरलं. मी शहारलो. पण सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवसापासून खरखर सुरू झाली. गाणं लावलं की खरखर, पिक्चर लावला की खरखर. मध्येच एका बाजूचा स्पीकर झोपायचा. पिन हलवली की दोन मिनिटं बरं वाटायचं, पुन्हा तेच. आबांच्या पिक्चरमधला नायक बोलायला लागला की मक्याच्या लाह्या फुटल्यासारखं व्हायचं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं असावं, आणि निकाल लागला. स्पीकर कोरे, त्यांच्यावर संशय कोण घेणार? जुनं होतं ते कार्ड.

"कार्ड गेलं," सुकदेव म्हणाला. "बदलावं लागेल."

असा राग आला मला! अरे, पिन काढून एकदा डोळ्यांसमोर धर ना. लाल दिसतेय ती.

आता कार्ड बदलायचं ठरलं, पण कोणतं आणायचं यावर घरात एकमत होईना. सुकदेवचे गेम जुन्या पद्धतीचे. ते माझ्यासारख्या जुन्या कार्डाशीच बोलतात, नव्याला ओळखच देत नाहीत. आबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. "माले बठ्ठा आवाज पाहिजे," ते म्हणाले. "मारामारी व्हयनी तं चारीमेर आयकू येवाले पाहिजे." तेव्हा चारी बाजूंनी सगळा आवाज ऐकवणारी, चार स्पीकरांची नवी कार्डं निघाली होती, आणि आबांनी ते कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. कुंदा दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "माइकचं भोक चांगलं आहे का, तेवढं विचारा."

सुकदेव ते सोडून बाकी सगळं विचारून आला.

जळगावला युसूफभाईंचं दुकान होतं. सुकदेवनं डबा उचलला, एसटीत मांडीवर घेतला आणि पाचोऱ्यामार्गे जळगाव गाठलं. डबा नेला, स्पीकर घरीच ठेवले. युसूफभाईंनी आपल्या दुकानातले स्पीकर मला जोडले. मी असा खणखणीत वाजलो की रस्त्यावरचा चहावाला वळून बघायला लागला.

"सुकदेवभाऊ, हे तर मस्त चालतंय," युसूफभाई म्हणाले.

"इथं चालतं. घरी खरखरतं."

"मग तुमच्या भडगावची लाइट खराब असेल. व्होल्टेज."

"स्पीकर तर नवे आहेत," सुकदेव म्हणाला, आणि दोघांनी मान डोलावली. मला दोघांच्या डोक्यात टपली माराविशी वाटली. तासाभरानं माझ्या शेजारच्या खाचेत एक नवं कार्ड बसलं. जुन्या गेमसाठी मी, पिक्चरसाठी तो. एका चुलीवर दोन सवती.

घरी आल्यावर तीच पिन त्याच्यात गेली आणि तोही खरखरायला लागला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, मला बरं वाटलं. सुकदेव पुन्हा जळगावला. ते कार्ड परत, दुसरं आलं. हे दुसरं असं की गेमही थोडे, गाणीही थोडी, पिक्चरही थोडे, आणि मध्येच सगळा कॉम्प्युटर दगडासारखा गप्प. तेही परत. मग तिसरं, तेही परत, आणि पिन पुन्हा माझ्यातच. दर खेपेला डबा जळगावला जाई, तिथे शहाण्यासारखा वागे आणि भडगावला येऊन पुन्हा रडायला लागे. सुकदेव चिडचिडा झाला. आबा म्हणाले, पोरगं कॉलेज शिकलं ते कशाला. व्होल्टेजसाठी एक खोकं आलं. डब्यात पाल शिरली असेल म्हणून डबा उघडून झटकला. पिन काही कुणी पुसली नाही.

आणि या सगळ्यात, मित्रांनो, कुंदाची दिवाळी जवळ येत होती.

दुपारी गाड्या भरणारी माणसं शेतावर गेली, आबा आडवे झाले, की ती माइक घेऊन बसायची. माइक माझ्याच भोकात असायचा. "शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार," असं ती म्हणायची, आणि मी तो आवाज उचलून आत ठेवायचो. स्वच्छ आवाज होता तो. शब्द मोकळे सुटायचे, घाई नाही, कुठे नाटकीपणा नाही. जसा आला तसा मी ठेवला. त्यात माझ्याकडून एक कणही मिसळला नाही. पण भरलेलं ऐकायची वेळ आली की ते स्पीकरमधूनच बाहेर पडणार. बाहेर पडायचं ते खरखरत, फाटत.

ती ऐकायची आणि पुसून टाकायची. पुन्हा बोलायची, पुन्हा पुसायची. मी आतून ओरडत होतो, अगं, पुसू नकोस, आत चांगलं आहे. इतका सुरेख आवाज मी जपून ठेवायचा आणि तिनं तो तिच्या हातांनी पुसायचा, हे रोज चाललं होतं. एका दुपारी ती स्वतःशीच म्हणाली, "कार्डाचं काय, माझाच गळा गेला असेल. इतकी वर्षं वापरला कुठे?" मला आजवर कुणी कितीही नावं ठेवली असतील, पण त्या वाक्यानं मी खरा हरलो. माझ्यावर आळ आला तो मी सोसला असता. तो आता तिनं स्वतःवर घेतला होता.

शेवटचं बोलणं तिनं फार छान केलं होतं. गिरणा नदीला पाणी सोडलंय, काठावरच्या लोकांनी पाण्याच्या मोटारी वर घ्याव्यात, असं काहीतरी. मध्येच मागून झुंबरबाईंची हाक आली, "कुंदा, च्या ठेव व, माणसं उनात." गाड्या भरणारी माणसं परत आली होती. ती हाकही मी ठेवली. कुंदानं भरलेलं ऐकायला लावलं, खरखर ऐकली, पुसायला हात पुढे केला आणि वीज गेली. ती उठून चहा ठेवायला गेली. दिवाळी आली आणि गेली. कॅसेट कुठेच गेली नाही. माइक कपाटात गेला.

वर्ष तसंच सरलं. आबांनी खरखरीसकट पिक्चर बघायची सवय करून घेतली. सुकदेवनं आवाज बंद ठेवून गेम खेळायला सुरुवात केली. म्हणजे मी बेकार.

पुढचा दसरा आला. गेल्या वर्षीच्या ओढाताणीला कंटाळून सुकदेवनं डबा जागेवरच ठेवला, नुसता उलटा फिरवला. त्यामुळे त्या खोलीत पहिल्यांदा मला भिंतीऐवजी माणसं दिसली. झुंबरबाई ओलं फडकं घेऊन आल्या. नवं कुंकू लावायच्या आधी मागच्या वर्षीचं पुसायचं, हीही त्यांची रीतच. त्यांनी पिन काढली. कुंकू वाळून काळपट झालं होतं. त्यांनी ते घासून घासून काढलं, पिन पदराला कोरडी केली आणि सुकदेवच्या हातात दिली. त्यानं ती माझ्यात खोचली आणि पूजेला कॉम्प्युटर चालू हवा म्हणून बटण दाबलं.

कुंदा पुढे बसली होती. "ती माझी जुनी फाईल आहे ना, पुसून टाकते," ती म्हणाली. सणाच्या दिवशी अडगळ नको. तिनं फाईल शोधली, आणि बोट जरा घाईनं पडलं असेल, पुसली जायच्या ऐवजी फाईल वाजायला लागली.

"शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार."

गिरणेचं पाणी आलं, मोटारी वर घ्या म्हणून सांगून झालं. एक खरखर नाही. मग मागून हाक आली, च्या ठेव व, माणसं उनात.

"हाऊ तं मना आवाज शे," झुंबरबाई स्वतःचीच हाक ओळखून म्हणाल्या. "मंग खरखर कोठे गई?"

सुकदेवनं पिन काढली, पाहिली, मग फडक्यावरचा लाल डाग पाहिला. "माय," तो हळूच म्हणाला, "पिनवर कुकू बशेल व्हतं."

कुंदानं डोळे मिटून घेतले. पुसून टाकलेल्या सगळ्या दुपारी तिला एकदम आठवल्या असणार. "म्हणजे माझा आवाज चांगला होता," ती म्हणाली.

झुंबरबाईंच्या बोटावर नवं कुंकू तयार होतं. त्यांनी पिनेकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं. "मनं टोक चुकनं," आपली चूक कबूल करत त्या म्हणाल्या. मग त्या कुंदाजवळ गेल्या आणि ते बोट त्यांनी तिच्या गळ्यावर टेकवलं.

"अवजारनं टोक हाई शे."

रेडिओवर नवे आवाज हवेत असं त्यानंतर अजून तरी कुणी सांगितलेलं नाही. कुंदा मात्र दुपारी माइक घेऊन बसते, आणि त्या वेळी चहा झुंबरबाई ठेवतात. माझी माफी कुणी मागितली नाही. सुकदेव आजही पाहुण्यांना सांगतो, की आमचं जुनं कार्ड मध्यंतरी बिघडलं होतं, नंतर आपोआप सुधारलं.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. कुणाचा आवाज फाटका आला, तर त्याला लगेच जुना, बिघडलेला ठरवू नका. त्याच्या आणि तुमच्या कानाच्या मध्ये काय काय आहे ते आधी पुसून बघा. आणि तो स्वतःचाच आवाज पुसायला निघाला असेल, तर त्याचा हात धरा. मला हात नव्हते.