विलायती तेल

"हेच टाकाचं," म्हणत भोजराजनं ब्रेकच्या तेलाचा चकचकीत लाल डबा बाकावर आपटला. "इंग्लंडातून आणलं. तुमचं देशी पाणी माह्या गाडीत चालत नाई."

पुंडलिकनं डब्याकडे पाहिलं, भोजराजच्या तोंडाकडे नाही. त्या तोंडाकडे त्यानं पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. तरी भोजराज आज त्याच्याच दारात आला होता, कारण भंडाऱ्यात राइस मिलवाले पन्नास होते, पण ब्रेकचा मिस्त्री एकच. अडला हरी, दुसरं काय.

बाहेर फियाट उभी होती. मागची सीट काढलेली, बंपर काढलेले, दारांच्या काचासुद्धा काढलेल्या. नागपूरच्या काही हौशी मोटारवाल्यांनी इंग्रजांच्या काळातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यत ठेवली होती. टोकापर्यंत जीव खाऊन पळायचं, ब्रेक मारून पिंपाला वळसा घालायचा आणि परत फिरायचं. असे दहा फेरे. गाडी कितीही हलकी केली तरी दर वळणाला ब्रेक तापणारच.

"डबा फोडलेला हाय," पुंडलिक म्हणाला.

"मागच्या म्हयन्यात थोडंसं टाकून पायलं होतं."

"ठेवला कुठं होता?"

"मिलमंधी. बॉयलरच्या खोलीत."

पुंडलिकला हसू आलं, पण ते त्यानं गिळलं. बॉयलरच्या खोलीत उकड्या तांदळासाठी धान वाफवत. दिवसभर इतकी वाफ कोंडलेली असे की भिंतींना घाम सुटे. मौल्यवान वस्तू तिथंच ठेवायची ही भोजराजच्या घरची जुनी रीत, कारण त्या खोलीला कुलूप असे आणि उंदीर फिरकत नसत. आणि ब्रेकचं तेल म्हणजे पाण्याला हपापलेलं. जितकं भारी, तितकं जास्त पाणी ओढणारं.

त्यानं स्टोव्ह पेटवला. एका पळीत लाल डब्यातलं तेल घेतलं, दुसरीत स्वतः फोडलेल्या ताज्या देशी डब्यातलं. विलायती तेलाला लगेच बुडबुडे आले. देशी कितीतरी वेळ शांत होतं.

"पाणी पेलं यानं. वळणावर असंच उकळन. नळीत वाफ झाली का पेडल रिकामं खाली जाते. मंग देव जरी आला तरी गाडी थांबत नाई."

"पळीत गाडी चालते काय रे?" भोजराज म्हणाला. "जे देलं ते टाक. तुह्या अकलेवर भरोसा ठेवून एक ट्रक गमावून बसलो मी."

तो निघून गेला. पुंडलिकनं स्टोव्ह विझवला.

त्या ट्रकचे ब्रेक पुंडलिकनंच बसवले होते आणि त्यावर त्याचा धाकटा भाऊ धनीराम ड्रायव्हर होता. ब्रेकचं तेल कमी झालं म्हणून भोजराजनं त्यात इंजिनचं मोबिल ओतायला लावलं होतं. तेल ते तेल, असा त्याचा हिशेब. मोबिलनं आतले रबर फुगले, ब्रेक गेले आणि कारध्याच्या उतारावर धनीराम गेला. ते फुगलेले रबर पुंडलिक हातात घेऊन दारोदार फिरला. पण भोजराजनं आधीच गावभर सांगून टाकलं होतं की पुंडलिकचं काम कच्चं होतं. निम्म्या गिऱ्हाइकांनी ते खरं मानलं.

माजघराच्या दारात धनीरामची बायको रुखमा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलायची घरात रीत नव्हती. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती मोठ्या जावेशी, निर्मलाबाईशी बोलली, पण त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

"बाई, त्याइले म्हणा, तो म्हणते तेच टाका. त्यानं सोताच्या तोंडानं सांगतलं. तुमाले कोण बोलन?"

कोणीच बोललं नसतं. हीच तर पंचाईत होती.

दुपारी रुखमा धान मळायला गेली. निर्मलाबाई गाडीत बसून पेडल दाबू लागली, नेहमीप्रमाणे. पुंडलिकनं जुनं तेल काढलं आणि लाल डबा उचलला. धनीराम त्याला आठवला, चितेवरचा नव्हे, सायकल शिकताना पडून रडणारा. मरू दे भोजराज, असं त्याला मनापासून वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं, त्यात काही आडपडदा नव्हता. डबा त्यानं बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"अजी, दाबू का?" निर्मलाबाईनं विचारलं.

"थांब," तो म्हणाला. लाल डबा त्यानं खाली ठेवला आणि देशी डबा घेतला. "हं, आता दाब."

निर्मलाबाईनं ते पाहिलं आणि पेडल दाबलं.

रविवारी धावपट्टीवर जत्रेसारखी गर्दी होती. सातव्या फेऱ्याला दोन गाड्या ब्रेक न लागल्यानं पिंपं उडवून बाजूच्या शेतात, धानाच्या बांधीत गेल्या. भोजराजच्या चाकांतून धूर निघत होता, पण दर वेळी गाडी हवी तिथं थांबली. तो दुसरा आला. गळ्यात हार घालून त्यानं माईक हातात घेतला.

"हे सारं विलायती तेलाचं काम हाय. नाई तर आमच्याइकडचे मिस्त्री. एकानं माहा ट्रक खाल्ला, ड्रायव्हर खाल्ला."

लोक हसले. पुंडलिक गर्दीतून पुढे गेला.

"शेठ, गाडीत तुमचं तेल नाई. माहं देशी हाय. तुमचं टाकलं असतं तर तुमी आता त्या बांधीत असते."

भोजराजचा चेहरा जरा उतरला, पण तेवढ्यापुरताच. मग माईक तोंडाशी धरूनच तो म्हणाला, "आयकलं काय हो? मी देलेलं तेल यानं टाकलंच नाई. मंग ते कुठं इकलं बे?"

यावेळी लोक जास्त हसले. भोजराजचं म्हणजे चोर तो चोर, वर शिरजोर. पुंडलिकनं सायकल काढली आणि बारा कोस मारत घरी आला.

ताट मांडलेलं होतं. रुखमा चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"बाई, इचारा त्याइले. तो जिता हाय का?"

निर्मलाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं.

"हाय," पुंडलिक म्हणाला. "मीच वाचवला. माह्या हातानं कोणाचा ब्रेक जात नाई."

रुखमा उठली. भाताचं पातेलं तिनं त्याच्या ताटाजवळ आणून ठेवलं, वाढलं मात्र नाही, आणि ती आत निघून गेली. थोड्या वेळानं आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. निर्मलाबाई वाढायला पुढे झाली, तसा पुंडलिकनं हातानंच नको म्हटलं. डाव बुडवून त्यानं स्वतःच थोडा भात घेतला आणि मान खाली घालून कोरडाच खाल्ला.