दुसरा हजर

पंप्याने शिडीच्या हेल्मेटवर थुंकी टाकली आणि फडक्याने पितळी बिल्ला घासायला घेतला. पॉलिशची डबी शेजारीच उघडी होती, पण पहिला हात थुंकीचाच द्यायचा, हा त्याचा दर वर्षीचा नेम. कोणी विचारलं असतं, तर थुंकीने पितळ उजळतं, असं त्याने सांगितलं असतं. कोणी विचारत नव्हतं. खरं काय ते त्याचं त्याला ठाऊक होतं.

उद्या शिडीचा स्मृतिदिन. हेल्मेट चकचकीत करून भिंतीवरच्या पहिल्या खुंटीवर टांगायचं. दुसरी खुंटी पंप्याची. तिथल्या हेल्मेटला पोचे पडले होते, पट्टा कुरतडल्यासारखा झाला होता, आणि ते घासावं असं आजवर कोणाच्या मनात आलं नव्हतं. त्याच्या बायकोच्याही नाही.

त्या अग्निशमन केंद्रात माणसांना आईबापांनी ठेवलेल्या नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. रोज सकाळी गाडीसमोर रांग लागायची आणि साहेब कामाच्या नावाने हजेरी घ्यायचे. शिडी. पंप. पहिली नळी. दुसरी नळी. दोर. ज्याचं जे काम तेच त्याचं नाव, आणि ते नाव एकदा चिकटलं की घरच्यांच्याही तोंडी बसायचं. पंप्या गाडीपाशी उभा राहून पाणी सोडायचा. शिडी वर चढायचा. दोघे एकाच दिवशी नोकरीला लागले, पण जो वर चढतो त्याच्याकडे सगळ्या गावाच्या माना वळतात. खाली पंपाचा काटा बघत उभ्या असलेल्याकडे कोण कशाला बघतंय?

मग कापडाच्या गोदामाला आग लागली. शिडीवर दोघांनी जायचं, असा नियम. त्या दिवशी दोर शेजारच्या स्टेशनला उसना दिला होता, कारण त्यांच्याकडेही माणूस कमी होता. दोन्ही नळ्या खाली पाणी मारत होत्या. शिडी एकटाच वर गेला. छप्पर खाली आलं ते त्याला घेऊनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शिडी." सगळे दगडासारखे उभे. ती शांतता पंप्याला सहन होईना. शेजारीच उभा होता तो. काय करतोय हे कळायच्या आत तो म्हणाला, "हजर." नळ्या ढसाढसा रडल्या. साहेबांनी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. झालं. त्या दिवसापासून तोच रिवाज पडला. साहेबांनी शिडी म्हणायचं, पंप्याने हजर म्हणायचं, मग साहेबांनी पंप म्हणायचं आणि पंप्याने पुन्हा हजर म्हणायचं. आपल्याच पायावर आपल्याच हाताने धोंडा पाडून घेतला होता त्याने. आणि पहिला हजर खणखणीत म्हणावा लागायचा, नाहीतर दुसरी नळी दुखावल्या नजरेने बघायची. मग दुसऱ्यापर्यंत दम उरायचा नाही, आणि हौसही.

पंप्या शिडीवर जळत होता. सरळ सांगायचं तर असं आहे. जिवंत माणसावर जळावं, तर त्याचं कधीतरी पोट सुटतं, केस जातात, चार लोक त्याला नावं ठेवतात, तेवढाच जिवाला गारवा. मेलेल्या माणसाचं काहीच वाकडं होत नाही. शिडी घोरायचा. पत्ते खेळताना उघड उघड लबाडी करायचा. हे सगळं माणसं साफ विसरली होती. काल स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तर बायको म्हणाली,

"शिडीभाऊजी असते ना, तर एव्हाना वायसर बदलून मोकळे झाले असते."

"अगं बाई," पंप्या म्हणाला, "तो जिवंत असताना त्याच्या घरचे वायसर मी बदलायचो!"

"गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये," बायको म्हणाली आणि बादली सरकवून नळाखाली ठेवली.

बिल्ला घासून होतोय तोवर दोर आला. दोर म्हणजे युनियनचा अध्यक्ष, नावाला साजेसा लांबलचक आणि कडक. मुख्य कार्यालयातून तो थेट आला होता आणि त्याचं तोंड बघूनच दोन्ही नळ्यांनी पत्ते खाली ठेवले.

"नव्या माणसांचे पैसे मंजूर झाले," तो म्हणाला.

"अरे वा! मग असं सुतकी तोंड काय करून आलायस?" पंप्याने विचारलं.

"जिथे गाडीवर माणूस कमी आहे तिथे माणूस देणार. आपल्याला नाही देणार. आपण पूर्ण आहोत म्हणे."

"पूर्ण? चार जण आहोत! पाच पाहिजेत!"

"मुख्य कार्यालयाची समिती आली होती आठवतं? हजेरीच्या वेळी वर गच्चीत चहा घेत उभी होती. त्यांनी माणसं मोजलीच नाहीत. कानांनी मोजलं. पाच वेळा हजर." दोरने एक खुर्ची ओढली, पण तो बसला मात्र नाही. "मी सगळं समजावून सांगितलं. तर समितीच्या मॅडम म्हणतात, म्हणजे तुमच्या हजेरीत मेलेली माणसं हजर असतात? मग तुमच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा? हातापाया पडून एक संधी मिळवलीय. परत येणार आहेत. उद्या."

"उद्या?" दुसऱ्या नळीचा आवाज चिरकला. "उद्याच्याच दिवशी त्याला हजेरीतून काढायचं?"

इतकी वर्षं शिडीचं काम दोन्ही नळ्या आळीपाळीने ओढत होत्या. पुढच्या मोठ्या आगीत पुन्हा कोणीतरी एकटाच वर जाणार होता. तो कोण, एवढंच ठरायचं बाकी होतं. हळूहळू सगळ्यांच्या नजरा पंप्याकडे वळल्या.

"आवाज तुझा आहे बाबा," दोर म्हणाला. "तू म्हणशील तसं."

पंप्याने मान खाली घातली. हेल्मेट मांडीवर घेऊन तो बराच वेळ गप्प बसला, म्हणजे त्याला किती जड जातंय ते सगळ्यांना दिसावं. आत मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. हजेरीत आता पहिलं नाव आपलं!

"युनियनसाठी मन घट्ट करावं लागेल," तो खोल आवाजात म्हणाला. "त्यालाही हेच आवडलं असतं."

"आणि शिडीच्या घरी, वहिनीला कोण सांगणार?" दोरने विचारलं.

"मी सांगतो की," पंप्या म्हणाला, आणि जरा जास्तच पटकन उठला.

शिडीच्या बायकोला त्याच्यामागे केंद्रातच फोनवर नोकरी मिळाली होती. तिची खोली वरच्या मजल्यावर, खिडकी थेट अंगणावर उघडणारी. पंप्या जिना चढताना वाक्यं जुळवत होता. वहिनी रडणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. आपण काय बोलून धीर द्यायचा तेही ठरलं होतं.

ती फोनवर कोणाला तरी बजावत होती, की मांजर झाडावर अडकलं म्हणून गाडी निघत नाही, थोडा वेळ थांबा, उतरेल आपोआप. फोन ठेवून तिने वर बघितलं.

"बसा ना भाऊजी. उभ्या उभ्या कुठे निघालात?"

तो बसला. मग त्याने सगळं सांगितलं. समितीचं, कानांनी मोजल्याचं, उद्याच्या हजेरीचं. 'युनियनचा निर्णय' हे शब्द त्याने तीनदा वापरले. वहिनी टेबलावरची पेन्सिल बोटांनी फिरवत ऐकत होती.

"बरं," ती म्हणाली.

पंप्या वाट बघत राहिला. पुढे काहीच आलं नाही.

"तुम्हाला... म्हणजे वाईट नाही वाटलं?"

"त्यात काय वाईट वाटायचंय? माणूस मिळणार असेल तर देवच पावला म्हणायचा. तेव्हा एक जण जास्त असता तर..." तिने वाक्य तिथेच सोडलं. "आणि तो हजर तुमचा असतो, हे मला कळत नाही होय? यांचा आवाज असा होता का? हे तर जांभई देता देता हजर म्हणायचे."

पंप्याला एकदम हसू आलं. "म्हणायचा खरा. साहेब रोज झापायचे."

"आणि घरी येऊन सांगायचे, साहेब माझ्यावर फार खूश आहेत म्हणून." तीही हसली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "पहिला काय, मी ऐकते न ऐकते. मी दुसऱ्याची वाट बघते."

"दुसऱ्या कशाची?"

"दुसऱ्या हजरची. तुमच्या." ती अगदी साधेपणाने सांगत होती, रोजच्या कामातलं काही सांगावं तसं. "आल्या आल्या मी खुर्चीत बसतच नाही. इथे खिडकीशी उभी राहते. तुमचा हजर आला, की खुर्ची ओढायची आणि फोन हातात घ्यायचा. त्याशिवाय माझा हातच चालत नाही. पण तुम्ही किती हळू म्हणता हो! पहिला एवढा खणखणीत, आणि दुसऱ्याला कान टवकारावे लागतात. कधीकधी येतच नाही ऐकू. मग उगाच जीव टांगणीला. दहादा डोकावून बघते, खाली आहात ना म्हणून."

फोन वाजला. तिने तो उचलला आणि पत्ता विचारू लागली. धीर देण्याची सगळी वाक्यं पंप्याच्या तोंडात तशीच राहिली. तो उठला, दारापर्यंत गेला, उगीचच दाराची कडी हलवून बघितली आणि खाली आला. हेल्मेट बाकावरच होतं. त्याने फडकं घेतलं, डबीतलं पॉलिश लावलं आणि बिल्ला पुन्हा पहिल्यापासून घासला.

सकाळी समिती यावेळी गच्चीत गेली नाही. मॅडम आणि त्यांचा मदतनीस अंगणातच येऊन उभे राहिले. गाडीमागच्या भिंतीवर पहिल्या खुंटीवरचं हेल्मेट झळकत होतं. रांग लागली. साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, घसा खाकरला.

"पंप."

इतकी वर्षं याच क्षणासाठी जळत होता तो. सगळ्यांत आधी, सगळ्यांच्या पुढे, आपलं नाव. आणि आता घशातून आवाज निघेना. रोज आधी शिडीचा हजर निघायचा आणि त्याच्या मागोमाग, त्याचं बोट धरल्यासारखा, पंप्याचा. आज पुढे कोणीच नव्हतं. त्याने डावीकडे बघितलं. माणूसभर जागा रिकामी होती. रांगेत उभं राहताना ती त्याने स्वतःच सोडली होती, सवयीने.

साल्या, बोल की काहीतरी, तो मनात म्हणाला. जांभई तरी दे.

"पंप," साहेब पुन्हा म्हणाले.

"अरे, तीनच मोजतील ना," दोर दातांतून पुटपुटला.

पंप्याने वर बघितलं. वरच्या खिडकीत वहिनी उभी होती, दोन्ही हात चौकटीवर. तिच्या मागची खुर्ची अजून टेबलात सारलेली होती.

"हजर!"

आवाज इतका मोठा निघाला की पहिली नळी दचकली. वरती फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"पहिली नळी."

"हजर."

"दुसरी नळी."

"हजर."

"दोर."

"हजर."

मॅडमनी रांगेवरून बोट फिरवत माणसं मोजली. "चार. आणि शिडीवर कोण असतं तुमच्याकडे?"

साहेब खाली बघू लागले. दुसऱ्या नळीने ओठ दाबून धरले. ज्याने रोज उत्तर दिलं होतं त्यानेच आजही द्यावं, म्हणून सगळे थांबले.

"नाही," पंप्या म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "शिडी नाही आमच्याकडे."

दुसरी नळी आता उघडच रडत होती. मॅडमनी मान हलवली. उद्यापर्यंत कळवू, असं साहेबांना हळू आवाजात सांगून त्या मदतनीसाबरोबर फाटकाकडे वळल्या. साहेबांनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि रांग सरळ करायला सांगितली. दोरने कोपराने पंप्याला ढोसलं.

"सरक ना तिकडे. आता पहिला तू."

पंप्या हलला नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "माणूस यायचाय."