पाळीच्या पोटातल्या दोन रेघा

"मॅडम, त्या दोन रेघा कुठं गेल्या?"

मोजणीवाल्या कपिलचा फोन आला तेव्हा गुंजनच्या हातात चहा होता. "कोणत्या रेघा?"

"पाळीच्या पोटातल्या. एकमेकीले खेटून काढल्या होत्या मी."

"अरे, त्या पुसल्या मी. मले वाटलं, एकच रेघ तुह्या हातून दोनदा पडली."

असं वाटण्यात नवल नव्हतंच. दारव्ह्याला घरी बसून गुंजन पुण्याच्या एका कंपनीसाठी हेच काम करायची. कलिंगड मधोमध कापावं तसा धरणाचा नाहीतर तलावाच्या पाळीचा, म्हणजे मातीच्या बांधाचा, उभा काप कॉम्प्युटरवर काढायचा, त्यात बारीक बारीक त्रिकोणांची जाळी भरायची, आणि मग कॉम्प्युटर एकेका त्रिकोणात पाणी कसं मुरतंय त्याचा हिशेब करून द्यायचा. दोन रेघा फार जवळ आल्या की मधले त्रिकोण सुईसारखे चपटे होतात आणि सगळा हिशेब बोंबलतो. म्हणून खेटलेली रेघ दिसली रे दिसली की पुसायची, हे या कामात हाताला बसलेलं वळण. तांदूळ निवडताना खडा काढावा, तितक्या सहज ती पुसून मोकळी व्हायची.

"रेघा नाहीत मॅडम, पाइप आहे तो," कपिल म्हणाला. "पाळीच्या आरपार गेला. बाहेरचं तोंड कोणीतरी काट्यायनं झाकून ठेवलं होतं. माहा पाय अडकला म्हणून दिसलं."

 ही पाळ गुंजनच्या माहेरच्या तलावाची. पाळीच्या पायथ्याला ओल दिसू लागली म्हणून खालच्या बंजारा तांड्यावरच्या लोकांनी ओरड केली, तपासणी लागली, आणि योगायोगानं काम तिच्याच वाट्याला आलं. तलाव समितीचे अध्यक्ष तिचे वडील, नीळकंठराव. उत्तर 'पाळ सुरक्षित' असं आलं तेव्हा तिनं हौसेनं पहिला फोन त्यांनाच केला होता. त्यांनीही तांड्यावर जाऊन सांगून टाकलं, निवांत झोपा म्हणून.

चहा तसाच राहिला. तिनं दोन्ही रेघा परत घातल्या, त्यांच्याभोवती अगदी बारीक जाळी विणली आणि हिशेब लावला. काल जो काप सगळा निळा होता, त्यात आज पाइपाच्या कडेकडेनं जोरात मुरणाऱ्या पाण्याचा एक लालभडक पट्टा उमटला. तलावापासून थेट बाहेरपर्यंत. आणि बाहेर म्हणजे तांडा. तिथल्या उत्तमसिंगचं घर तर पाळीपासून हाकेवर.

अगं बाई गं, हे काय करून बसले मी! तिनं वडिलांना फोन लावला.

"बाबा, पाळीत पाइप आहे."

 नीळकंठराव चक्क हसले. "आहे ना. आपल्या संत्र्याच्या बागेचा. तू लहान होती तवा टाकला."

"अन् तोंड तुमीच झाकलं?"

"मंग काय तपासणीवाल्याले दाखवू? पण काम तुह्याकडं आलं म्हटल्यावर मी बिनघोर झालो. पुसून टाकलं ना? लेक असावी त अशी!"

 बाप गुंजनला शाबासकी देत होता. याच बागेची संत्री तिनं हॉस्टेलवर मिरवत वाटली होती.

"बाबा, माह्या हातून चुकून पुसलं गेलं. मी आता खरं पाठवून राह्यली. पुण्यालेही अन् तहसीललेही."

"येडी झाली का तू? बापाचं नाव बुडवतं? इतक्या वर्षात काई झालं का?"

"पाइपाच्या बाजूनं हात घालून पाहा एकदा. मंग बोला."

तिनं फोन ठेवला, नवा काप पाठवला आणि स्कूटी काढली. वाटभर तिला रडूही आलं नाही.

ती पोचली तेव्हा नीळकंठराव पाळीच्या उतारावर गुडघे टेकून बसले होते. काटे बाजूला सारलेले. शेजारी तांड्यावरचा उत्तमसिंग डोळे फाडून बघत उभा. पाइपाच्या बाजूला घट्ट मुरूम हवा होता, तिथं नीळकंठरावांचा हात कोपरापर्यंत गेला. मग खांद्यापर्यंत गेला. आत पाणी वाहत होतं, आणि ते पाइपातून नव्हतं. गुंजननं बापाचा असा चेहरा जन्मात पाहिला नव्हता.

"बाप्पा बाप्पा! भाऊ, हे त सारं पोकळ झालं!" उत्तमसिंग ओरडला. "कोण्या हरामखोरानं टाकला हा?"

नीळकंठराव उठले. गुंजनकडे बघायचं त्यांनी टाळलं. "तलावाचं दार उघडा. पाणी सोडून रिता करा," एवढंच ते म्हणाले. "बाग वाळली त वाळू द्या. अन् तांडा उठव, उत्तमसिंग. सारे माह्या घरी चाला."

"माह्यी याडी चालत नाही, भाऊ."

"तुह्या मायले मी आणतो."

दिवेलागणीपर्यंत घर माणसांनी भरून गेलं. गुंजन सतरंज्या अंथरत होती. तेवढ्यात नीळकंठराव उत्तमसिंगच्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन अंगणात आले आणि पायरीशी त्यांनी तिला हळूच उतरवलं. म्हातारीनं त्यांच्या खांद्याचा आधार घेतला होता.

"भलं होईन तुह्यं, बापू," ती म्हणाली. "पाइप कोनाचा होता म्हने?"

उत्तमसिंगही वळून बघू लागला. गुंजनच्या हातातली सतरंजी तशीच राहिली.

"माहा, माय," नीळकंठराव म्हणाले.

म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं त्यांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि भिंतीला धरून, एकेक पायरी चाचपत, एकटीच आत गेली.